तिसरा रकाना

तुमच्या आईने तुम्हाला सांगितलं आहे की आजीने जळगावात जिनिंगमधल्या बायकांसाठी पाळणाघर काढलं होतं. ती तेव्हा लहान होती, तिला अर्धवट आठवतं. पाळणाघर निघालं नाही. काय झालं ते क्रमाने लिहिते.

मी धुळ्याची. इंग्रजी घेऊन बी.ए. झाले आणि लग्न होऊन जळगावला आले. सत्तर साल अजून उजाडायचं होतं. दिवाळीनंतर गावाबाहेरच्या जिनिंगपुढे कापसाच्या गाड्यांची रांग लागे. आत सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांपुढे बायका ओळीने उभ्या राहून कापूस भरवत. रुई इतकी उडे की दुपारपर्यंत सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या होत. अंगावर पिणारी मुलं त्या सोबत आणत आणि कापसाच्या ढिगाआड निजवत. एवढ्या खडखडाटात ती मुलं रडत नसत. आमच्या महिला मंडळाच्या बायका पहिल्यांदा तिथे गेल्या तेव्हा एकजण कौतुकाने म्हणाली, "किती गुणी लेकरं!" मग कळलं, सकाळी निघताना आई बोटावर अफूचा कण घेऊन मुलाला चाटवते.

कारखान्यांच्या कायद्याचं पुस्तक आमच्या घरात होतं. पन्नासाहून जास्त बायका कामावर असतील तर मालकाने त्यांच्या मुलांसाठी खोली आणि सांभाळायला बाई दिली पाहिजे, असं त्यात होतं. मंडळात इंग्रजी लिहिणारी मीच, म्हणून अर्ज माझ्याकडे आला. नुसत्या अर्जाने माझं समाधान होईना. सोबत पुरावा हवा. मी दुपारच्या सुट्टीत जिनिंगच्या फाटकाशी बसून इंग्रजीत यादी केली. पट्टीने रेघा मारल्या. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात गाव, तिसऱ्यात मांडीवरचं मूल आहे की नाही. असेल तिथे लाल पेन्सिलीची खूण.

बायकांना गंमत वाटली. एक म्हणाली, "मन्हं नाव मोठं लिखा अक्का, पगार वाढी का?"

तिच्या मागची लगेच म्हणाली, "मना नवराले बी लिखी ल्या. तो बी बठ्ठा दिन मांडीवरच ऱ्हास!"

सगळ्या हसल्या. ही नवऱ्याची थट्टा करणारी बाई चोपड्याकडची होती. कडेवर चार-पाच महिन्यांची मुलगी. तिच्या नावापुढे मी खूण केली.

बायका त्रेसष्ट भरल्या. मी कार्बन घालून यादीच्या तीन प्रती केल्या आणि तिन्हींवर खुणा पुन्हा हाताने केल्या. एक कारखाने तपासणाऱ्या साहेबांना, एक मंडळाच्या फायलीला आणि एक मालकाला. मालकाला कळवल्याशिवाय वर तक्रार करणं मला सभ्यपणाचं वाटेना. शेठजींनी मला बसवून घेतलं, सरबत मागवलं, यादी शेवटपर्यंत वाचली. म्हणाले, "ताई, काम फार नीटस आहे तुमचं." मी खूश होऊन घरी आले.

पुढच्या सोमवारी मुकादमाने फाटकात उभं राहून नावं वाचली. ज्यांची वाचली त्यांना उद्यापासून काम नाही. हातात माझीच यादी होती. त्याला इंग्रजी अक्षरं कशीबशी लागत, पण लाल खुणा दिसत होत्या. साहेब तपासणीला आले तोवर आत पन्नासापेक्षा कमी बायका होत्या. मूल एकीजवळही नव्हतं. साहेबांनी तसा शेरा लिहिला आणि तो चूक नव्हता.

चारेक दिवसांनी चोपड्याकडची ती बाई आमच्या ओट्यावर येऊन बसली. मला वाटलं, भांडायला आली. ती भांडली नाही.

"अक्का, एक कागद लिखी द्या. इंग्रजीमा. इले पोर नही शे म्हनीसन."

मी कडेवरच्या मुलीकडे पाहिलं. "अगं, असं कसं लिहू? खोटं आहे ते."

"पह्यले खरं लिखं व्हतं, तं काय झाये?"

मी विचारलं, "आणि हिला कुठे ठेवशील?"

"घर. शेजारनी म्हातारी शे ना."

मी आत जाऊन पत्र लिहिलं. यादीत चूक झाली, या बाईला लहान मूल नाही, असं सहज आणि स्वच्छ इंग्रजीत. खाली सही केली. तेवढ्यात मुलीने माझं पेन धरलं, ते मी तिच्या मुठीतून सोडवलं. मूल तिथे सगळ्यांनी पाहिलेलं होतं, पण जिनिंगला कागद पुरे होता; पत्रामुळे तिला कामावर परत घेतलं.

संक्रांतीच्या सुमारास मी तिच्या वस्तीत गेले. तिच्या दाराला बाहेरून कडी होती. कडी काढून आत गेले. मुलगी गोधडीवर निजलेली, ओठांवर माशा. उचलून खांद्यावर घेतली तर मान एका बाजूला पडली. श्वास चालू होता. जिनिंगमध्ये निदान ती आईच्या जवळपास असे.

शेजारची म्हातारी चाचपडत दारात आली. तिला दोन्ही डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. "ठेवी द्या बाई तिले. जागी व्हयनी तं रडी. माय भोंगा व्हवापावत येत नही."

डॉक्टरकडे न्यावं असं मनात आलं. पण डॉक्टर विचारणार, आई कुठे आहे? आईला जिनिंगमधून बोलवावं लागणार. मग कागदावर नसलेलं तिचं मूल सगळ्यांसमोर येणार, आणि माझं पत्र खोटं ठरणार. यातलं मला जास्त भय कशाचं वाटलं, ते मी तुम्हाला खात्रीने सांगू शकत नाही. मग मुलीला गोधडीवर ठेवलं, पदराने माशा हाकलल्या आणि बाहेर आले.

म्हातारी म्हणाली, "कडी लाई द्या बाई, नही तं कुत्रं घुशी जाई."

मी कडी लावली. त्या वस्तीत मी पुन्हा गेले नाही. ती मुलगी किती वर्षांची झाली, हे मला सांगता येणार नाही.