न फिरणारी चाकं

माझी धाकटी बहीण प्राथमिक शाळेत मुलांना वस्तू बनवायला शिकवते. यंदा तिसरीला पुठ्ठ्याच्या गाड्या करायला सांगितल्या, तर प्रदर्शनाच्या दिवशी आईबापांनी केलेल्या चकचकीत गाड्या आल्या. एकाच मुलीने स्वतः केलेली वाकडीतिकडी गाडी आणली होती.

“बाई, ही टेबलाखाली ठेवा, पाहुणे यायचेत,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. मुलीचा चेहरा पडला.

बहिणीने कपाळावर हात मारला. “मॅडम, गाडी धावायला हवी की नटायला?”

तिने तिरक्या फळीवर एकेक गाडी सोडली. हौशी बापांनी चाकंसुद्धा पक्की चिकटवलेली. एकही जागची हलेना. वाकडी गाडी मात्र खडखडत जाऊन मुख्याध्यापिकांच्या चपलेला धडकली.

“ठेवा वर,” त्या पुटपुटल्या.

घरी येऊन बहीण माझ्यावरच डाफरली, “दादा, पुढच्या वर्षी आधी बापांचाच वर्ग घेते!”