आण्णांची शिफारस

मेलबर्नला जाऊन आठ महिने झाले तरी मला नोकरी नव्हती. त्याचं वाईट कमी वाटायचं, संताप जास्त यायचा. वाईट वाटायला निदान कोणीतरी तोंडावर नाही म्हणावं लागतं. तिकडं नकारसुद्धा कम्प्युटर पाठवायचा. ‘आमच्या कंपनीत रस दाखवल्याबद्दल आभार, दुर्दैवाने...’ पुढचं मी वाचायचंच सोडलं होतं. अर्ज पाठवून चहा ठेवावा, तर उकळी फुटायच्या आत दुर्दैव हजर.

कोल्हापुरात मी बारा वर्षं एका फाउंड्रीत क्वालिटी बघत होते. फाउंड्री म्हणजे लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओतायचं आणि गाड्यांचे, पंपांचे भाग काढायचे. वाळू बिघडली की माल बिघडतो आणि बिघडलेला माल गेटच्या बाहेर जाऊ द्यायचा नाही, हे माझं काम. बाई म्हणून सुरुवातीला लोक हसले, नंतर घाबरले. नवऱ्याला मेलबर्नची नोकरी मिळाली तेव्हा मी खुशीत निघाले. लोखंड तिकडंही तेवढ्याच आचेला वितळतं, माझं काय अडणार आहे, असं म्हणत.

अडलं ते ‘लोकल एक्स्पीरियन्स’वर. म्हणजे तिथल्या कामाचा अनुभव. तो नोकरी केल्याशिवाय मिळत नाही आणि तो असल्याशिवाय नोकरी मिळत नाही. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, असली तऱ्हा. शेवटी म्हटलं, आपल्या पद्धतीनं जाऊ. फाईल काखेत मारली, ट्राम आणि दोन बस बदलून एका कारखान्याच्या दारात उभी राहिले. काउंटरवरची मुलगी गोड हसली आणि म्हणाली, अर्ज ऑनलाइन करा. मी म्हटलं, मी इथंच उभी आहे ना, साहेबांना बोलवा. ती पुन्हा तितकीच गोड हसली. त्या हसण्यावर एखादी शिवी हासडावी असं फार वाटलं. परतीच्या बसमध्ये मी दात खात बसले होते.

नवरा म्हणायचा, ‘‘जरा शांत घे.’’ त्याचं काय जातंय म्हणायला! तो सकाळी डबा घेऊन जायचा आणि मी लायब्ररीत जाऊन तोच बायोडेटा सातव्यांदा बदलायची. सुरुवातीला त्या शहरात एक गोष्ट आवडली होती. कोल्हापुरात राजारामपुरीच्या कोपऱ्यावर दहा मिनिटं थांबलं तर तिघं जण विचारतात, ‘‘काय करतीस सध्या?’’ तिथं कोणीच विचारत नव्हतं. आठव्या महिन्यात वाटायला लागलं, कोणीतरी विचारा रे.

आणि मग एका फाउंड्रीनं बोलावलं. शहराच्या पश्चिमेला, जुनी, काळवंडलेली. आत पाऊल टाकलं आणि तो जळक्या वाळूचा वास आला, तशी मी पुन्हा माणसात आले. तिथला मॅनेजर साठीचा, कमी बोलणारा. त्यानं मला वाळूच्या यंत्रापाशी नेलं. मी न विचारताच मूठभर वाळू घेतली, दाबली, मुटका मोडून बघितला आणि म्हटलं, पाणी जास्त झालंय. त्यानं तपासायला पाठवली. माझं बरोबर निघालं. तो पहिल्यांदाच मोकळा हसला आणि म्हणाला, आता फक्त एक उपचार राहिलाय. तुमच्या जुन्या साहेबांचा नंबर द्या, फोन करून दोन प्रश्न विचारतो.

जुने साहेब म्हणजे आमचे आण्णा. फाउंड्रीचे मालक. मूळचे शिरोळकडचे, घरची उसाची शेती, कारखाना त्यांनी स्वतः उभा केलेला. इंग्रजी मोडकं पण ठणठणीत, परदेशी गिऱ्हाइकांशी ते त्यातच भांडायचे. मी त्यांना फोन करून सगळं समजावलं. चांगलं सांगा, म्हटलं.

‘‘चांगलं म्हंजे? तुझ्याबद्दल वाईट काय सांगाय येणार हाय? तू निवांत ऱ्हा की पोरी.’’

मी निवांत राहिले. कामाचे बूटसुद्धा बघून ठेवले. चार दिवसांनी पत्र आलं, दुर्दैवाने.

या वेळी मी सोडलं नाही. मॅनेजरला फोन लावला आणि कारण विचारलं. तो बिचारा अवघडून म्हणाला, तुमच्या ज्ञानाबद्दल शंकाच नाही, पण आमची टीम लहान आहे. तुम्ही तिच्यात कितपत मिसळाल, याबद्दल काळजी वाटली.

मी लगेच आण्णांना फोन लावला. कोल्हापुरात तेव्हा सकाळचा चहा चालला असणार, मागून कपबशांचा आवाज येत होता.

‘‘आण्णा, काय सांगितलंत त्यांना?’’

‘‘जे हाय ते सांगितलं की,’’ आण्णा खुशीत होते. ‘‘म्हटलं, लई भांडकुदळ बाई हाय. कुणाच्या बापाला ऐकत न्हाय. एकदा भरल्याली गाडी सुटाय लागली तर ही गेटात आडवी हुबी ऱ्हायली. माल खाली उतरवाय लावला. माझ्या पुतण्याला सगळ्यांम्होरं झापला. मी मालक, तर मला म्हणती, तुम्ही गप बसा, तुम्हाला कळत न्हाय.’’

‘‘असं सांगितलंत?’’

‘‘मग? त्यानं इचारलं, पुन्हा कामावर घेणार काय. म्हटलं, अजून तिची खुर्ची कुणाला दिल्याली न्हाय. तुमचं जमत नसंल तर उद्या परत पाठवा.’’

मला रडू की ओरडू कळेना. आमच्याकडं शिव्या घातल्याशिवाय कौतुक पुरं होत नाही. आण्णांनी मला त्यांच्या जवळचं सगळ्यात मोठं सर्टिफिकेट दिलं होतं. बारा वर्षांत तोंडावर कधी बोलले नव्हते ते त्या परक्या माणसाला सांगून बसले होते. आणि त्यामुळंच माझी हातची नोकरी गेली होती. मी ओरडले. म्हटलं, इकडं असं बोलत नाहीत आण्णा, इकडं मिळून मिसळून वागणारी माणसं लागतात, वाटोळं केलंत तुम्ही माझं. कपबशांचा आवाज थांबला.

ते म्हणाले, ‘‘मग काय खोटं सांगू व्हय?’’

मी फोन ठेवून दिला. त्यांना असं तोडून बोलल्याचं मला आजही वाईट वाटतं. पण त्या दिवशी मी त्यांच्यावरच चिडले होते, त्या मॅनेजरवर नाही. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ते खरं.

नवऱ्यानं सुचवलं, दुसऱ्या कोणाचं नाव दे. आमच्याकडं दोन वर्षं एक एचआर साहेब होते. एसीतून बाहेर न पडणारे. मला शॉपमध्ये, भट्ट्यांपाशी काम करताना त्यांनी एकदाही बघितलं नव्हतं. त्यांना मेल केली आणि तासाभरात गुळगुळीत इंग्रजीत उत्तर आलं. शांत, मनमिळाऊ, दिलेल्या सूचना काटेकोर पाळणारी, वरिष्ठांशी कधीही वाद न घालणारी. वाचून आम्ही दोघं हसलो. नवरा म्हणाला, ‘‘या बाईशी माझं लग्न लावून द्या.’’

त्या बाईला तीन आठवड्यांत नोकरी लागली. पंपांचे भाग करणारा कारखाना, क्वालिटीचंच काम, सहा महिन्यांचं प्रोबेशन. मी पेढे वाटले. तिथल्या लोकांनी ते आधी हुंगून बघितले, मग आवडीनं खाल्ले.

दुसऱ्या महिन्यात एक लॉट आला. भागांना आतल्या बाजूनं बारीक छिद्रं होती. उजेडात धरलं की दिसायची. कोल्हापुरात मी ते लाल रंगानं फुल्या मारून कोपऱ्यात फेकले असते आणि वर चार शब्द ऐकवले असते. या कारखान्यात सुपरवायझर एक फॉर्म घेऊन आला. हसून म्हणाला, गिऱ्हाईक एवढं बघत नाही, चालवून घेऊ, इथं सही कर. तोंडापर्यंत आलेलं मी गिळलं. मला ते आठ महिने आठवले, ती लायब्ररी, ते सात बायोडेटे. आणि त्यांनी घेतलं होतं ते शांत, मनमिळाऊ बाईला, मला नव्हतं घेतलं. मी सही केली. त्या दिवशी घरी जाऊन नवऱ्याशी विनाकारण भांडले, कुठंतरी भांडायलाच हवं होतं. पुढच्या वेळी सही करताना मात्र काही वाटलं नाही. प्रोबेशन संपलं, तरी सह्या चालूच राहिल्या. सवय लागली म्हणा की भीती, मला सांगता येत नाही.

गेल्या दिवाळीत कोल्हापूरला आले होते. आण्णांना भेटायला जायचं धाडस गोळा करायला चार दिवस लागले. ते जुनं काही बोलले नाहीत. चहा मागवला आणि मला शॉपमध्ये घेऊन गेले. भट्ट्या तशाच, आवाज तोच. माझ्या खुर्चीवर आता इचलकरंजीकडची एक मुलगी बसते, नवीनच इंजिनिअर झालेली. समोर टेबलावर लाल रंगानं फुल्या मारलेले भाग रचून ठेवलेले. आण्णांनी तिला हाक मारली.

‘‘ही ती. तुला म्हटलं न्हवतं, गाडीला आडवी हुबी ऱ्हायल्याली? हिच्यासारखी भांडाय शिक. सगळ्यात आधी माझ्यासंगं.’’

ती पोरगी माझ्याकडं अशा कौतुकानं बघायला लागली की मला खाली बघावंसं वाटलं. हात पुसत जवळ आली.

‘‘ताई, तिथं कसं असतंय ओ? ते लोक ऐकतात का आपलं? तुम्ही किती लॉट परत पाठवलासा आत्तापर्यंत?’’

आण्णा हातात चहाचा कप धरून माझ्या उत्तराची वाट बघत होते. हसत होते.

‘‘मोजले नाहीत गं,’’ मी म्हटलं.