मुकीच्या टोल्यावर

साताऱ्याहून निघताना माझ्या वहीत सोळा ओळी होत्या. नागपूर स्टेशनावर उतरले तेव्हा त्यांतल्या अकरांपुढे बरोबरची खूण झालेली होती. मुलींच्या वसतिगृहाची व्यवस्था बावीस वर्षे पाहिलेल्या बाईला यादीवाचून पाऊल टाकता येत नाही. कंदील, हिवतापाच्या गोळ्या, दोन घोंगड्या, अंदाजाने शिवून घेतलेला पुरुषी सदरा, आणि सगळ्यांत खाली सोळावी ओळ: 'दत्तूला घेऊन परत.'

दत्तू माझा धाकटा भाऊ. महायुद्धात तो खेचरांच्या कंपनीत ब्रह्मदेशच्या आघाडीवर होता. लढाई संपल्यावर घरी आला तो मुकाच. तीन महिने ओसरीवर बसून राहिला, पानात वाढलेले खाल्ले, आणि एका सकाळी विहिरीवर जातो अशी खूण करून गेला तो परत आला नाही. नऊ वर्षांनी मला अहेरीहून पेन्सिलीने लिहिलेले पत्र आले: 'बाई, तुमचा भाऊ जिता आहे. पलटणीच्या कागदावर तुमचा पत्ता सापडला. एकदा येऊन पाहून जा.' खाली सही होती, 'गोविंदा, लाकडाच्या ट्रकचा ड्रायव्हर'.

मी वेळ घालवला नाही. नागपूरच्या मनोरुग्णांच्या इस्पितळात दत्तूसाठी खाट मिळवली. पुढच्या मंगळवारपर्यंत ती राखून ठेवू, असे डॉक्टरांनी कबूल केले. हातात आठ दिवस होते.

नागपूरहून छोट्या गाडीने नागभीडला आले. दोन्ही बाजूंना बांध्या (भाताची बांध घातलेली खाचरे) होत्या. धान कापून झाले होते आणि खुंटांमध्ये उरलेले पाणी उन्हात चमकत होते. डब्यात समोर बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनी न विचारताच लाखोळीच्या डाळीचे दोन वडे माझ्या हातावर ठेवले.

"कुठी जाऊन राह्यल्या बाई?"

"अहेरीच्या पुढे."

"एकट्याच? बाप्पा!" त्या जवळ सरकल्या. "तिकडच्या रानात कोणी हाक मारली त लगेच ओ देजा नोको. तीनदा मारू द्या. माणूस असन त तीनदा मारते."

मी हसून मान डोलावली आणि वडे चांगले झाल्याचे सांगितले.

नागभीडहून मोटार. सावलीला ती दोन तास उभी राहिली. कारण कोणी सांगितले नाही आणि माझ्याखेरीज कोणी विचारलेही नाही. पुढे वैनगंगा डोंग्यातून (लाकडी होडीतून) ओलांडायची होती. पाणी शांत होते, तरी पलीकडच्या काठाला लागताना धक्का बसला आणि माझ्या कंदिलाची काच फुटली. गडचिरोलीच्या बाजारात तशी काच मिळाली नाही. वहीतली एक खूण खोडावी लागली. प्रवासातला हा पहिलाच तोटा, आणि मला तो उगाच मनाला लागला.

अहेरीला पोचले त्या दिवशी बाजार भरला होता. गर्दीतून एक काटकुळा, मिशाळ माणूस सरळ माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

"सातारच्या बाई ना? हातातली वही पाहूनच वळखलं. आमचा सुभेदार असाच होता. मेल्यावर बी हजेरी घेईन असा!"

हाच गोविंदा. मी त्याला गोविंदाभाऊ म्हणू लागले. युद्धात तो लष्करी लॉरी चालवायचा. त्याचा आत्ताचा ट्रक दत्तू राहतो त्या टोल्यापर्यंत (वस्तीपर्यंत) जात नव्हता, म्हणून त्याने बंडी (बैलगाडी) ठरवून ठेवली होती आणि तो स्वतःच हाकणार होता.

सकाळी निघालो. सागाची पाने एवढी मोठी की एकेक गळताना पावलासारखी वाजायची. गोविंदाभाऊ अखंड बोलत होता. बैलांशी, माझ्याशी, आणि कोणी ऐकत नसेल तर स्वतःशीच. दुपारी एका वळणावर तो एकदम थांबला. खाली उतरून त्याने पळसाची पाने तोडली, चुरगळली आणि बैलांच्या गळ्यातल्या घंटांत कोंबली.

"हे काय?" मी विचारले.

त्याने तोंडावर बोट ठेवले. बैलही ओळखीच्या वाटेवर असल्यासारखे आपोआप हळू चालू लागले.

मोहाच्या झाडाखाली मातीचे घोडे उभे होते. गुडघ्याएवढे, शेवाळलेले, कोणाचा पाय गेलेला, कोणाचा कान. त्यांच्या शेजारी वाटेकडे तोंड करून लहान जनावरांची एक रांग होती. ती नवी होती. लांब कान, ताणलेल्या माना आणि आ वासलेली तोंडे. प्रत्येकाच्या गळ्यावर नखाने ओढलेली एक रेघ होती आणि पाठीवर कोरलेला आकडा. मी सवयीने मोजली. त्रेचाळीस.

बरेच पुढे गेल्यावर गोविंदाभाऊने घंटांतली पाने काढली.

"मोठे घोडे पेनचे (गोंड लोकांच्या देवाचे). नवसाचे. लहान आहेत ते तुमच्या भावानं केले."

मग त्याने मला सांगितले, आणि या वेळी एकही विनोद केला नाही. शत्रूच्या मुलखात रानावाटेने शिरायचे, तर खेचर ओरडून चालत नाही. म्हणून निघण्यापूर्वी जनावरांच्या डॉक्टरने एकेकाचा गळा चिरून आवाज काढून टाकला होता. दत्तू त्यांची डोकी धरायचा. एकूण चव्वेचाळीस. त्यांतली त्रेचाळीस ब्रह्मदेशातच मेली. एक मादी लंगडत होती म्हणून सरहद्दीच्या अलीकडेच राहिली. लढाईनंतर लिलावात ती एका लाकडाच्या ठेकेदाराने घेतली.

"गरीब जनावर म्हणून घेतलं त्यानं. इथी आणलं त मजूर पळाले. वरडते, पण आवाज नाई! भूतच म्हणे. ठेकेदार तिले सोडून गेला. तुमचा भाऊ घर सोडून लिलावाले गेला, तिथून तिच्या मांगं मांगं चालत आला, तो राह्यला. हे सारं त्यानं मले चार वर्षांत सांगतलं. दिवसाले एक शब्द, कधी तोबी नाई."

"आणि घंटा का बंद केल्या?"

"ज्याईले आवाज नाई त्याईच्या पुढं आपण वाजवाचं काऊन? लालसूनं ठरवलं, टोल्यानं मानलं."

लालसू म्हणजे टोल्याचा म्हातारा कारभारी. दत्तूची झोपडी त्याच्याच अंगणात होती. आम्ही पोचलो तेव्हा ऊन अजून चांगले होते. लालसूने मला पाणी दिले आणि मी ते पीत असताना माझ्या मानेवर ऊन ऊन श्वास आला. मी वळले. हातभर अंतरावर एक राखाडी खेचर उभे होते. ते आल्याचे मला कळलेच नव्हते. त्याने मान लांब केली, ओठ मागे ओढले, बरगड्या भात्यासारख्या आत गेल्या, आणि काहीच झाले नाही. वाऱ्याची एक फुंकर, बस. असे तीनदा. माझ्या हातातला लोटा खाली पडला.

"मुकी तुमाले रामराम करून राह्यली," गोविंदाभाऊ म्हणाला.

तिच्या मागे दत्तू होता. केस पिकलेले, अंगाने बरा. त्याने मला नमस्कार केला. मग माझ्या दोन पिशव्या दोन हातांत धरून वजन पाहिले, एका पिशवीतली घोंगडी काढून दुसरीत घातली, पुन्हा उचलून पाहिले. दोन्ही सारख्या झाल्यावर समाधानाने आत नेऊन ठेवल्या. लहानपणी दप्तर भरताना तो असेच करायचा. मला त्याच्याशी पुष्कळ बोलायचे होते. मी फक्त सदरा काढून दिला. तो खांद्यांत आखूड झाला.

तिथे मी तीन दिवस राहिले. सकाळी जावा (पातळ पेज) आणि चिंचेची चटणी, दुपारी भात. दत्तू पहाटेपासून मुकीला खरारा करायचा, खूर साफ करायचा, तळ्यावर न्यायचा. गोविंदाभाऊ तिच्याजवळ गेला की तिच्या मानेवर कपाळ टेकून निमूट उभा राहायचा.

"लढाईहून आलो त ट्रक सुरू केला की माहे हात कापत," त्याने मला सांगितले. "इंजिनात मले माणसं वरडताना ऐकू येत. हिच्या गळ्याले कान लावला की आत काहीच नाई. मंग माह्या डोक्यातलंबी थांबते. सिरोंच्याकडचा एक पलटणीतला हवालदार येते महिन्यातून एकदा. तो तेलुगू बोलते, मले समजत नाई. पण इथी समजून कराचं काय?"

मी हे सगळे वहीत लिहून घेतले. डॉक्टरांना उपयोगी पडेल असे वाटले. बेत मात्र बदलला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिले ते मात्र लिहिले नाही. दत्तू मुकीच्या पुढच्या दोन पायांमध्ये, तिच्या पोटाच्या सावलीत झोपला होता. झोपेत त्याने मान ताणली, तोंड उघडले, बरगड्या आत ओढल्या. आवाज नाही. त्याच वेळी वर तिचेही तोंड उघडले होते. मग तिने मान खाली घालून नाक त्याच्या छातीवर ठेवले आणि दोघांचे श्वास एका लयीत आले. टोल्यातल्या बायका शेजारीच धानाची वाळवण आवरत होत्या. त्यांनी मान वर करूनही पाहिले नाही.

चौथ्या सकाळी मी बंडी जुंपायला सांगितले.

लालसू म्हणाला, "नेता त न्या. भाऊ तुमचा हाय. पण ती?"

"ती इथेच राहील. इस्पितळात खेचर नेता येत नाही."

"हिल्ले (नाही)." त्याने मान हलवली. "तिले इचारलं काय?"

"खेचराला काय विचारायचे, लालसूभाऊ?"

"मंग त्याले तरी इचारलं काय?"

मुकीला दुहेरी दोराने खांबाला बांधून घेतले. दत्तू सांगितल्याबरोबर बंडीत चढला आणि गुडघ्यांवर हात ठेवून बसला. एवढ्या सहज सगळे होईल असे वाटले नव्हते. मी वही उघडली, पेन्सिल काढली. खूण मात्र नागपूरला करायची असे ठरवले.

मोहाच्या झाडाअलीकडे गोविंदाभाऊने घंटांत पाने कोंबली. आम्ही त्या रांगेसमोरून गेलो. त्रेचाळीस उघडी तोंडे. मी मुद्दाम पलीकडे पाहत होते. थोडे पुढे गेल्यावर दत्तूकडे नजर गेली. तो समोर पाहत बसला होता, पण त्याची मान ताणली गेली होती. तोंड उघडले. बरगड्या आत गेल्या. मिटले. पुन्हा उघडले.

मी मागे वळून पाहिले. मातीच्या रांगेच्या टोकाला मुकी उभी होती. तुटलेला दोर गळ्यात लोंबत होता. तिने मान लांब केली होती आणि तिचे तोंड उघडत होते, मिटत होते, अगदी त्याच वेळी, त्याच लयीत. दत्तूची तिच्याकडे पाठ होती. ऐकू येण्यासारखे काही नव्हतेच. पान पडले असते तरी कळले असते, इतकी शांतता होती.

नागभीडच्या गाडीतल्या बाईंचे बोलणे मला आठवले. हाकेला आवाजच नसेल तर ती तीनदा झाली की नाही, हे मोजायचे कसे? तरी मी मोजत होते. तिसऱ्या वेळी दत्तूच्या डोळ्यांतून पाणी आले. त्याचे हात मात्र अजून गुडघ्यांवरच होते. मी सांगितले होते तसेच.

"गोविंदाभाऊ, थांबा," मी म्हणाले. माझा आवाज त्या जागी फार मोठा वाटला. "दत्तू, उतर."

तो उतरला, पण गेला नाही. बंडीच्या चाकाला धरून उभा राहिला. मग नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलला. आवाज गंजलेल्या कडीसारखा होता.

"ताई, मी धरलं होतं. मी धरलं म्हणून ती हलली नाहीत."

वसतिगृहात रडणाऱ्या मुलीच्या डोक्यावर ठेवते तसा त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

त्याने कमरेची गाठ सोडून चिंधीत गुंडाळलेले काही माझ्या हाती दिले. मातीचे खेचर. गळ्यावर रेघ होती, पाठीवर चव्वेचाळीस. याचे तोंड मात्र मिटलेले होते.

"हिचं. केलं नसतं, पण हात थांबेनात. इथं ठेवलं तर तिकडची तिला बोलावतील." त्याने रांगेकडे पाहिले नाही, नुसती मान त्या बाजूला केली. "तू लांब घेऊन जा. तू नीट ठेवतेस सगळं."

"आणि तू?"

"ही असेतो इथं."

तो परत गेला. दोघे झाडांत शिरताना मी पाहत होते. दहा पावलांवरच त्यांची चाहूल बंद झाली.

वैनगंगा ओलांडताना चिंधीत गुंडाळलेले ते खेचर मी मांडीवर धरले होते. डोंगा काठाला लागला, धक्का बसला, पण या वेळी काही फुटले नाही. मंगळवारी नागपूरला डॉक्टरांना भेटले आणि खाट दुसऱ्या कोणाला द्यावी असे सांगितले. त्यांनी कारण विचारल्यावर मी म्हणाले, तिथे त्याची सोय झाली आहे. मनोरोगांवर काय लागू पडते याचे मला ज्ञान नाही. मी फक्त पाहिलेले सांगते: तीन दिवसांत ज्या माणसाला मला एका शब्दानेही बोलते करता आले नाही, त्याला एका मुक्या जनावराने बोलते केले होते.

सोळावी ओळ मी खोडली नाही. तिच्यापुढची जागा मोकळी आहे.

आता त्या मातीच्या खेचराला साताऱ्यात माझ्या कपाटातला वरचा खण दिला आहे, आणि रोजच्या यादीत एक ओळ वाढली आहे. सकाळची घंटा होण्यापूर्वी मी कपाट उघडते आणि पाहते. गोविंदाभाऊचे पत्र दोन महिन्यांनी येते, 'दोघं बरे आहेत' एवढेच. मला ते पत्र यायच्या आधीच माहीत असते. आजही पाहिले. तोंड मिटलेले आहे. मी खूण केली.