दादांचा अक्रोडी दस्ता

दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, बंदुकीचा दस्ता मोडला तो वाघाच्या टाळक्यात हाणल्यामुळे. आई म्हणे, टांग्यातून उतरताना हातातून निसटली. मी वाघाच्या बाजूचा. दादा दरबारच्या रिसाल्यात होते, आणि बापाचा वाघ खोटा पाडणारा मुलगा अख्ख्या लष्करात जन्मला नव्हता.

नवा दस्ता अक्रोडाचाच हवा, असा दादांचा हट्ट. शिसवी लाकूड भारी पडतं, साग धक्क्यानं चिरतो. अक्रोड मात्र बंदुकीची लाथ मुकाट पोटात घालतो, शिवाय गालाला उबदार लागतो. काश्मीरला गेलेल्या मित्रानं फळी आणून दिली. काळसर तपकिरी, आत धुरासारख्या रेघा. ती ओढायला दोन हत्ती लागले, असं दादा सांगत. फळी दीड हात होती.

हजीरा मोहल्ल्यातल्या सुतार मिस्त्रींनी तिला टिचकी मारली. "साहेब, अभी कच्ची है. दोन पावसाळे सावलीत काढू द्या. आत्ता कापली तर पुढे पिळवटेल. मग नेम धराल वाघावर आणि गोळी जाईल किल्ल्यावर."

फळी माळ्यावर गेली. तेवढ्यात खंडेनवमी आली. पाटावर तलवार, भाला, बंदुकीची नळी मांडली, आणि दादांनी हौसेनं फळीही शेजारी ठेवली. तिला हळदकुंकू लागलं, झेंडू मिळाला, नैवेद्यही.

फळी वाळल्यावर मिस्त्री करवत घेऊन आले, तर आई दारात उभी. पुजलेल्या शस्त्राला करवत लागायची नाही, म्हणाली. ते अजून शस्त्र झालंच नाही, असं दादांनी सांगून पाहिलं. मग पुजलं कशाला, असं तिनं विचारलं. वाघाला न भ्यालेले दादा खाली बघू लागले. मिस्त्री चहा पिऊन गेले. भटजींनी विसर्जन सुचवलं, पण काश्मीरचं लाकूड स्वर्णरेखा नदीत सोडायला दादा तयार होईनात.

मग दर खंडेनवमीला फळीची पूजा, आणि पूजा झाली की दादा ती खांद्याला लावून बघायचे. एकदा तरी या दस्त्यावर गाल टेकून जंगलात बसायचं, एवढंच त्यांना हवं होतं. अशात मोतीबिंदू उतरला. एका खंडेनवमीला त्यांनी फळी उलटी धरून भिंतीवर नेम धरला. आईनं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तिनं न्हाऊन फळीवर अक्षता वाहिल्या आणि गणपती उठवताना सरकवतात तशी ती जागची थोडी सरकवली.

"आता ही नुसती फळी आहे," ती म्हणाली. "बोलवा मिस्त्रींना."

दस्ता असा उतरला की आरशाला लाज वाटावी. पण जंगल आता दादांच्या डोळ्यांबाहेर गेलं होतं. मग रोज संध्याकाळी ते ओसरीवर, अंगणातल्या बोरीसमोर, बंदूक घेऊन बसत, जवसाचं तेल जिरवत, आणि गाल टेकून विचारत, "अगं, कुठाय?"

आई तांदूळ निवडता निवडता सांगे, "बोरीमागे. कान हलतोय बघा."

"मोठा आहे?"

"हत्तीएवढा."

"राहू दे. उद्या बघू."

थापा मारायला मी दादांकडून शिकलो, असं सगळे समजतात. समजू देत.

बंदूक आता माझ्याकडे आहे. दस्त्यावर गालाएवढी जागा झिजून गुळगुळीत झाली आहे. कधीमधी मी तिथं गाल टेकतो. लाकूड अजून उबदार लागतं. समोर बोर आहे, मला स्वच्छ दिसते. वाघ कुठे आहे, ते सांगायला मात्र कुणी नाही.