खिळ्यावरचा बॅज

आमचे हे अकोल्याच्या एका खाजगी दवाखान्यात एक्स-रे काढायचे. नोकरीभर तेच काम. छातीला लावायला त्यांना एक बॅज मिळायचा. अंगावर किती किरणं पडली ते त्यावरून कळायचं. पण आमचे साहेब वस्तू जपण्यात एक नंबर! घरात कपबशी फुटली तरी अबोला धरणारा माणूस. बॅज घामानं खराब होईल, हरवेल, म्हणून ते तो खोलीबाहेरच्या खिळ्याला टांगायचे आणि मग आत जायचे. अकोल्याच्या उन्हाळ्यात किरणं अडवणारा शिशाचा जड ॲप्रनही काढून ठेवायचे. बॅज तपासून आला की दरवेळी शून्य. हे घरी येऊन असं सांगायचे, जणू पोरगं शाळेत पहिलं आलं.

निवृत्तीनंतर त्यांना धाप लागायला लागली. रक्त कमी निघालं. झालं! बार्शीटाकळीच्या नणंदेनं पिशवीभर बीट आणलं, वरूडच्या व्याह्यांनी संत्री पाठवली. बीट खाऊन ओठ लाल झाले, रक्त काही वाढेना. शेवटी अमरावतीच्या डॉक्टरांनी कमरेच्या हाडातली मज्जा तपासली. रक्त जिथे तयार होतं तिथल्याच पेशींची गुणसूत्रं तुटलेली होती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? हा अजून रक्ताचा कॅन्सर नाही, पण होऊ शकतो, असं ते म्हणाले. मज्जा बदलणं ह्यांच्या हृदयाला झेपणार नव्हतं. रक्त चढवायचं आणि वाट बघायची.

"किरणांमुळे झालं का?" मी विचारलं.

"असू शकतं. बॅजचे आकडे काय होते?"

"सगळे शून्य," हे म्हणाले. तेव्हाही आवाजात थोडी ऐट होतीच. मला तिथल्या तिथे डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

तेव्हापासून आंघोळ झाली की मी त्यांच्या दंडावर ह्या आजारानं पडणारे नवे काळेनिळे डाग शोधते. सापडले तरी काय करायचं ते मला माहीत नाही.

परवा अमरावतीला पुन्हा रक्त तपासलं. कॅन्सरच्या कच्च्या पेशी दिसल्या. परतीच्या एसटीत बोलताना माझा तोल गेला.

"फोटो काढाचं बटन तं खोलीबाहेर होतं ना? मंग तुमी आत काहून थांबत होते?"

"लहान लेकरू टेबलावर एकटं राहे का? रडे, हाले. फोटो बिघडे."

"त्याच्या मायनं धरलं असतं!"

"तिच्या पोटात दुसरं असलं तं? मंग मीच धरो, बटन बाहेरून दुसरं कोणी दाबे."

"कोणाची होती ती लेकरं?"

"आता काय आठवते," ते म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

त्या लेकरांवर रागावता येईना, ह्यांच्यावरही येईना. माझा माणूस माझ्या डोळ्यांदेखत चालला होता आणि मी नुसती त्याच्या शेजारच्या सीटवर बसले होते.