अंबूबाईची मेथी आणि इंदूरचा जावई

मखमलाबादच्या अंबूबाईचा कुणावरच विश्वास नाही. बियाणंवाल्यावर तर नाहीच. विकत आणलेलं बी आधी ओल्या फडक्यात बांधायचं, मोड आले तरच वाफ्यात. नवऱ्याचीही अशी परीक्षा घेता आली असती, तर कारभारी अजून बिनलग्नाचे असते, हे शेजारी म्हणून माझं मत.

दोन हजार चार साली तिच्या लेकीसाठी, प्रतिभासाठी, इंदिरानगरचं स्थळ आलं. ज्ञानेश, इंदूरला प्रयोगशाळेत. अणूतले कण गरागरा पळवणारी यंत्रं असतात. त्यांच्या चुंबकांना एका खास पट्टीची गुंडाळी घालायची. पट्टी गार केली की वीज तिच्यातून न अडखळता धावते. पण कणांचे किरण पट्टीला झोडपतात. तो मार ती किती सोसते, हे ज्ञानेश तपासायचा.

अंबूबाईनं त्यातलं एवढंच उचललं : किरण! लासलगावला किरण मारलेले कांदे तिनं पाहिले होते.

"त्या कांद्याला कोंब फुटत नाय," भर बैठकीत ती म्हणाली. "मग यांना पोरं कशी व्हायची?"

प्रतिभा आत पळाली. मी मात्र आणखी चहा मागवला; असल्या वेळी उठतं कोण?

"मावशी, मार पट्टीला बसतो. मी जाड भिंतीमागं असतो."

"भिंत म्या कुठं पाहिली? हे मेथीचं बी घ्या. महिनाभर खिशात ठेवा."

"निम्मं तुमच्याकडं ठेवा. नाहीतर ताडून कशाशी बघणार?"

अंबूबाईला पोरगा तिथंच आवडला, पण कबूल करील तर शपथ. प्रतिभानं फोनवर बजावलं, "पुडी खिशातून हलवू नका हं." भोळ्यानं महिनाभर तोच शर्ट घातला. प्रयोगशाळेत म्हणे त्याच्या शेजारी कुणी बसेना.

सुट्टीवर आल्याबरोबर दोन फडकी भिजली. दोन दिवसांनी सगळ्यांसमोर सोडली. दोन्हींत सारखेच टपोरे मोड!

अंबूबाई हळहळली. "म्हंजे मार सगळा त्या पट्टीलाच?"

"थोडा तिला मानवतो, मावशी. चुंबकाच्या जोरापुढं ती जास्त वीज वाहून नेते. अती झाला की मात्र कामातून जाते."

अंबूबाई नवऱ्याकडं वळली. "ऐकलं? मी इतकी वर्षं बोलते, तुमच्यात काय सुधारणा नाय!"

"मला मार अती झाला," असं म्हणत कारभाऱ्यांनी ज्ञानेशच्या हातात लग्न ठरल्याचा नारळ ठेवला.