शालिककाकांची चिमूट

शालिककाकांकडे कुणी दारूची पुडी घेऊन आलं, की ते आधी हात धुवायचे, उपरण्याला पुसायचे आणि मग दोन्ही पंजे उन्हात धरून बसायचे. वाळेपर्यंत एक शब्द बोलायचे नाहीत. बंदुकीची दारू म्हणतोय मी, गैरसमज नको! आमच्या सोनाळ्याला डोंगर जवळ. मक्यात, हरभऱ्यात रानडुकरं घुसतात. पीकराखणीचा परवाना असलेल्या चारदोन घरांत ठासणीच्या भरमार बंदुका आहेत. त्या प्रत्येक बार उडवायच्या आधी घरीच भरायच्या. पण कोणती दारू भरायची आणि कोणती नाही, हे ठरवणार काका.

चिमूटभर दारू तळहातावर घ्यायची, बोटानं पसरायची, हात उन्हाकडे कलता करून बघत राहायचं. "कण एकसारखा पाह्यजे," ते सांगत. "दोन जातीचा कण दिसला का इचार नाई करायचा, पुडी पाण्यात!" एकदा एक मोठे शेतकरी जीपगाडीतून रुबाबात आले. काकांनी त्यांची पुडी बघितली आणि सरळ बादलीत उलटी केली. ते गृहस्थ काय भडकले म्हणता! काका शांतपणे म्हणाले, "पाटील, बंदूक तुमची हाय, कबूल. पण सकाळी उठून तुमचं तोंड पाटलीनबाईले पाहा लागते ना!" पाटलांनाच हसू आलं. चहा घेऊन गेले.

काकू गेल्यावर वावर मुलाच्या हाती गेलं. घरात काकांना कुणी कशाचं विचारेना. जो काही मान उरला तो त्या चिमटीपुरता. ती एवढीशी गोष्ट त्यांनी किती जपली होती, हे मला फार उशिरा कळलं.

मी गावातल्या कृषी केंद्रात कामाला. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं दिवसभर लोकांना वाचून दाखवतो. काका रोज दुकानात यायचे आणि पेपर माझ्यापुढे सरकवायचे. "वाच बापू, चष्मा घरी राह्यला." रोजच राहायचा. एक दिवस कोपऱ्यातल्या खताच्या थप्पीकडे बघून त्यांनी विचारलं, "हे कोण पाव्हणे बसले?" मी हसण्यावारी नेलं. काय बोलणार? ज्याच्या नजरेवर गावानं भरवसा टाकला, त्याला तुम्हाला दिसत नाही असं तोंडावर कसं सांगायचं? बोललो नाही. तिथंच माती खाल्ली मी.

त्या साली मक्याची कणसं दुधात आली आणि डुकरांनी एका रात्रीत चार ओळी आडव्या केल्या. माझा थोरला भाऊ वसंतदादा, त्याच्या नावावर परवाना. बंदुकीच्या दारूचं नेहमीचं दुकान बंद पडलेलं. दादानं दुसऱ्या गावच्या एका मेलेल्या परवानाधारकाच्या घरातून उरलीसुरली दारू आणली. मला म्हणाला, "मी भरत नाई अशी. काकाले दाखवून आण."

भर दुपारी गेलो. काकांनी हात धुतले, वाळवले, चिमूट पसरली. मी शेजारीच वाकून उभा होतो. तळहातावर दोन जातीचे कण होते. काही बारीक, चकचकीत. काही जाडे, मातकट. मला ते स्वच्छ दिसत होते.

"काका, हे जरा..."

"काय?"

"काही नाई."

"मी पाहून राह्यलो ना बापू." त्यांनी हात उन्हाकडे अजून थोडा कलता केला. "चालते. सांग वसंताले."

घरी येऊन मी दादाला म्हणालो, "काका म्हणाले, चालते." बस्स, एवढंच म्हणालो.

दिवस मावळायच्या आत वावरातून आवाज आला. नेहमीचा बार नव्हता तो. आम्ही धावलो. बंदुकीची नळी फाटली होती आणि दादाचा उजवा पंजा जागेवर नव्हता.

नवव्या दिवशी काका एकटेच एसटीनं बुलढाण्याच्या दवाखान्यात आले. चाचपडत खाटेपाशी बसले, दादाचा डावा हात हातात घेतला. "वसंता, मले दिसत नाई रे. दीड वर्ष झालं, दिसतच नाई."

"मंग सांगितलं काऊन नाई काका?" दादा ओरडला नाही, नुसतं विचारलं.

"सांगितलं असतं तं कोन आलं असतं बाप्पा माह्या दारात?"

मग त्यांनी मान माझ्या बाजूला वळवली. "बापू, तू तं जवळच उभा होता. तुले काही दिसलं होतं का रे?"

"नाई काका," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. परत गेले ते घराबाहेर पडलेच नाहीत. पुढच्या पेरणीआधी गेले. सगळा दोष एकट्यानं घेऊन गेले, आणि मी खांदा द्यायला पुढे होतो.

दादा डाव्या हातानं जेवतो. अजून सवय झालेली नाही. मी गप्प बसलो की तोच माझी समजूत घालतो, "तुही काय चूक बे? तुले कुठं समजते त्यातलं!" आणि ताट माझ्याकडे सरकवतो, "भाकर मोडून दे." मी मोडून देतो.